हात न लावता तपासलेली माणसं

वाशीमच्या पद्मतीर्थाची गोष्ट आपल्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. वासुकी नावाचा राजा होता म्हणे. त्याला महारोग जडला. वैद्य हरले, सोयरे दूर झाले. रानात भटकता भटकता त्याला पाण्याचं एक डबकं दिसलं, त्यात त्यानं अंग धुतलं आणि रोग गेला. मग त्यानं ते डबकं खोदून मोठं तळं केलं. खरंखोटं त्या पाण्याला ठाऊक. मला या गोष्टीत तळ्यापेक्षा राजाचे पाय महत्त्वाचे वाटतात. एका वैद्याचा गुण आला नाही तर तो उठून दुसरीकडे गेला, तिथंही जमलं नाही तर तिसरीकडे गेला, आणि त्याला वाटेत कोणी हटकलं नाही.

त्याच वाशीमच्या गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला ही मोकळीक कधी मिळाली? कोणी मिळवून दिली? मिळाली असेल तर आज आपण ती वापरतो का? आपले भाषण ठोकणारे पुढारी तळ्याचा इतिहास सांगतात, देवळाचा सांगतात, शाळेचा सांगतात. दवाखान्याचा कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. कापसाच्या हंगामात जिनिंग-प्रेसिंगमधी रुईच्या धुळीत उभा असतो, हंगाम सरला की दालमिलमधी पोती वाहतो. रात्रपाळीच्या फटीत जे वाचलं, बुढ्या माणसांच्या तोंडून जे ऐकलं, तेवढंच माझं भांडवल.

आधी एक उलटा न्याय बघा. जुन्या काळी गावोगावी बाळंतपणाला बोलावणं जायचं ते मांगिणीला नाहीतर महारणीला. पाटलाचं लेकरू जगात आलं की पहिल्यांदा पडायचं ते आपल्या पणजीच्या तळहातावर. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, रक्ताची बोचकी तिनं धुवायची. सोयर फिटलं की त्याच बाईची सावली अंगणात चालायची नाही. आणि त्या सुईणीला स्वतःला ताप भरला तर? वैद्य तिची नाडी बघणार कशी? नाडी बघायची तर मनगट धरावं लागतं ना. गावात पटकीचा वाखा आला की मरीआईचा गाडा शिवेपार हाकलून न्यायला आमचीच माणसं पुढं. म्हणजे साऱ्या गावाचा रोग अंगावर घ्यायला आम्ही, आणि आमचा रोग बघायला कोणी नाही.

वेगळी वागणारी माणसं तेव्हाही होती. १८९७ साली पुण्यात प्लेग उसळला. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं पांडुरंग गायकवाड नावाचं आजारी पोरगं पाठीवर घेतलं आणि थेट डॉ. यशवंत फुल्यांच्या, म्हणजे आपल्या मुलाच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीनं १० मार्च १८९७ रोजी बाईंचा बळी घेतला. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण जरा थांबून बघा की त्या पोराला न्यायचं कुठं, हे बाईंनी ठरवलं होतं. ज्या डॉक्टरचा हात मागं सरणार नाही तो डॉक्टर त्यांना माहीत होता. योग्य डॉक्टर निवडणं म्हणतात ते त्या काळात आपल्यासाठी असं होतं. पहिली परीक्षा एकच, की हा हात लावील का.

आता १९२३ कडे या. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला. तुम्हाला तो पाठ आहे. सरकारी पैशानं बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याच ठरावाच्या जोरावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले. पण कितीजणांनी तो ठराव शेवटपर्यंत वाचला? त्यात पाण्यानंतर आणखी चार गोष्टी आहेत. शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने. होय, दवाखाने. अगदी शेवटी, कोपऱ्यात बसवल्यासारखा तो शब्द आहे.

तळ्याचा सत्याग्रह झाला, दवाखान्याचा का झाला नाही, याच्यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तळ्यावर हजार माणसं मिळून जाऊ शकतात. दवाखान्यात माणूस एकटा जातो, आणि जातो तेव्हा त्याच्या अंगात ताप असतो. तापानं फणफणलेला माणूस सत्याग्रह कसा करणार? तो डॉक्टरपुढं हातच जोडतो. शिवाय तो ठराव पडला मुंबई इलाख्याचा. आपलं वाशीम तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९०५ पर्यंत ते जिल्ह्याचं ठाणं होतं, मग त्याला अकोल्यात घालून टाकलं, आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. मुंबईत पास झालेला कागद इथल्या शिवेपर्यंतसुद्धा येत नव्हता.

आणि कागद जिथं पोचतो तिथं तरी काय होतं? याचं उत्तर एका पत्रात आहे. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं छोटं पुस्तक आहे, आठवणींचं. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापलं. ते बरेच कार्यकर्ते वाचतात, पण बडोद्याची पारशी खानावळ आणि गोरेगावचा बैलगाडीवाला एवढं लक्षात ठेवून मिटतात. त्यात पुढं काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तरचं पत्र आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त, म्हणजे गांधींच्याच पत्रात छापून आलं होतं. मास्तरची बायको बाळंत झाली. दोनच दिवसांत ती आजारी पडली. जुलाब, छातीला सूज, बरगड्यांत कळा, श्वास लागलेला. मास्तर डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही आणि तपासणारही नाही. मास्तर नगरशेटकडे गेला, दरबाराकडे गेला, पाया पडला. डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी नगरशेटनं घेतली. तेव्हा डॉक्टर आला, पण अट घालून, की पेशंटला वस्तीबाहेर आणा. ओली बाळंतीण, लेकरासकट, वस्तीबाहेर आणली.

पुढचं नीट वाचा. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला. मुसलमानानं मास्तरच्या हातात दिला. मास्तरनं बायकोला लावला. मग त्याच वाटेनं तो परत गेला. रात्रीचे आठ वाजलेले. दिव्याच्या उजेडात डॉक्टरनं काच वाचली आणि सांगितलं, न्यूमोनिया आहे. निघून गेला. औषध पाठवलं. मास्तरनं बाजारातून जवस आणून लावलं. डॉक्टर पुन्हा आला नाही, फी देऊनही आला नाही. बाई मेली.

बाबासाहेबांनी या डॉक्टरच्या माणुसकीवर कोरडे ओढले आहेत. मला त्याच्या डॉक्टरकीवरही बोलायचं आहे. थर्मामीटर ताप सांगतो. फुफ्फुसात काय चाललंय ते थर्मामीटर सांगत नाही. त्यासाठी छातीला नळी लावावी लागते, पाठीवर बोटं वाजवावी लागतात, श्वास मोजावा लागतो. त्यानं यातलं काही केलं नाही. म्हणजे न्यूमोनिया म्हणाला तो अंदाजानं. खरा ठरला असेल किंवा नसेल. बाळंतिणीला दोन दिवसांत ताप येतो तेव्हा बाळंतरोगाची शंका घ्यावी लागते, पोट दाबून बघावं लागतं. कोणी बघितलं? आपण अस्पृश्यतेला अपमान म्हणतो. मित्रांनो, ती अपमानाच्याही पुढची गोष्ट होती. ती चुकीची तपासणी होती, म्हणून ती मरण होती. त्या नळीचीच कथा बघा. १८१६ साली पॅरिसमधी लाएनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी करून लावली, आणि त्याला कानानं येत होतं त्यापेक्षा जास्त स्वच्छ ऐकू आलं. तोसुद्धा अंतर ठेवणंच होतं. पण त्या अंतरातून यंत्र जन्माला आलं. आमच्याकडच्या अंतरातून काय जन्माला आलं, तर मधला मुसलमान.

आणि त्या मास्तरला दुसरा डॉक्टर नव्हता. हे विसरू नका. असता तर त्यानं दोन रुपये घेऊन त्याच्या दारात धाव घेतली नसती काय? पत्रात मास्तरचं नाव नाही, डॉक्टरचंही नाही. मास्तरनंच सांगितलं होतं, छापू नका, सूड उगवतील. बायको गेल्यावरसुद्धा त्याला त्या डॉक्टरची भीती होती.

स्वातंत्र्य आलं, घटना आली, सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा झाला. त्याचं पाचवं कलम खास दवाखान्यासाठी आहे. सार्वजनिक दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणानं घेतलं नाही तर गुन्हा. त्याच कायद्याला १९७६ मधी नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव आलं. म्हणजे बोल्यांच्या ठरावातला कोपऱ्यातला शब्द बत्तीस वर्षांनी कलम झाला. दार उघडलं. पण कलम दार उघडतं, आत गेल्यावर डॉक्टर किती मिनिटं बघतो हे कलमाच्या हातात नसतं.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आपल्या वऱ्हाडातल्या वस्त्यांनी देव्हारे रिकामे केले. मरीआई गेली, देवरशी गेला, अंगारा गेला. तापानं पडलेल्या लेकराला भगताकडे न नेता दवाखान्यात नेणं, हीसुद्धा दीक्षाच होती. सगळीकडे ती पुरी झाली असं मी म्हणत नाही. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेलेली माणसं माझ्याही ओळखीत होती. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, ज्याच्यासाठी झटणारे डॉ. दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला गोळ्या घालून मारले गेले, तो साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणाऱ्याला गुन्हेगार धरतो. पण एक विचारतो. अंगारा सोडला म्हणता, मग दर तापाला सलाईनची बाटली का मागता? ‘सुई नाही टोचली तं कायचा डाक्टर!’ असं म्हणणारी आपलीच माणसं आहेत. अंगाऱ्यावर आपण प्रश्न विचारत नव्हतो, बाटलीवरही विचारत नाही. देवरशाच्या जागी पांढरा डगला बसवला, आणि डोकं तसंच टेकवलं.

निवडीचा हक्क मात्र एका ठिकाणी कायद्यानं आला, आणि तो आला मिल कामगारासाठी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. बी. पी. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली, १९४४ मधी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला. मुंबईत १९५४ मधी योजना सुरू झाली तेव्हा पॅनलची पद्धत ठेवली. म्हणजे भागातल्या डॉक्टरांची यादी असायची, कामगारानं त्यातला आपला डॉक्टर निवडायचा, पटला नाही तर बदलायचा. लालबाग-परळचे जुने कामगार पॅनलच्या डॉक्टरला शिव्याही घालायचे, सर्टिफिकेट देतो, औषध लाल पाणीच देतो म्हणून. त्या शिव्याही मला मोलाच्या वाटतात. डॉक्टरला शिवी घालून दुसरा डॉक्टर करता येतो, हे ज्याच्या बापाला माहीत नव्हतं तो माणूस हे शिकला.

कामगाराला कसा डॉक्टर लागतो हे फार जुन्या काळी इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं सांगून ठेवलंय. १७०० साली त्यानं धंद्यापायी होणाऱ्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टरनं पेशंटला बाकी सगळं विचारतो तसा हाही प्रश्न विचारावा, की तू काम काय करतो? तीनशेवर वर्षं झाली. आमच्या जिनिंगमधला एक गडी दोन हंगाम खोकत होता. सुट्टीनंतर कामावर आला की त्या दिवशी छाती आवळायची, पुढं जरा सैल पडायची. एका खाजगी दवाखान्यात त्याला सुया-बाटल्या चालू होत्या, बेडका कधी तपासला नाही, एक्स-रे एकदा काढला तो त्यांच्याचपाशी. त्याला टीबी आहे अशी वस्तीत बोंब. शेवटी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं टीबीची तपासणी फुकट होते. बेडक्यात जंतू निघाले नाहीत. आणि तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं, ‘काका, काम कोणतं करता?’ रुईच्या धुळीनं छाती धरते, तिला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त जोर असतो, हे त्या पोराला माहीत होतं. तो प्रश्न आधीच्यानं विचारला असता तर दोन हंगामाची मजुरी त्या बाटल्यांत गेली नसती.

आता नाजूक गोष्टीवर येतो. काही मित्र रागावतील, रागावू द्या.

आपल्यात एक सल्ला फिरतो, ‘डॉक्टर आपलाच बघा.’ त्याचं मूळ मला कळतं. ज्यांच्या आजीची नाडी कोणी धरली नाही ते धरणारा हात शोधणारच. आपली पोरं-पोरी डॉक्टर होऊन तालुक्याला बसतात तेव्हा माझी छाती फुगते. पण आडनाव बघून डॉक्टर निवडायचा, आणि आडनाव बघूनच डॉक्टरवर संशय घ्यायचा, ही दोन्ही कामं आपण केली आहेत. दुसऱ्याचं उदाहरण माईसाहेब.

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांत असह्य कळा यायच्या, घटनेचं काम चालू असताना रात्र रात्र झोप नसायची. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांचा उपचार चालू होता. तिथंच डॉ. शारदा कबीर काम करत. बाबासाहेबांनी त्यांच्याशी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत लग्न केलं. जगाच्या विद्यापीठांत शिकलेल्या, दर ओळ तपासून बघणाऱ्या या माणसानं आपला डॉक्टर स्वतः, डोळे उघडे ठेवून निवडला. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. आणि आपण काय विचारलं? आपण विचारलं, बाई कोण जातीची? ब्राह्मणाची ना? मग झालं! केंद्र सरकारनं चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी कुजबूज थांबली नाही. माईसाहेबांना किती वर्षं चळवळीबाहेर काढावी लागली! पुढं दलित पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा लोकांत आणलं. २९ मे २००३ ला त्या गेल्या तोवर तो डाग कोणीतरी बोलून दाखवतच होतं.

माझं म्हणणं असं. बाबासाहेबांच्या उपचाराबद्दल प्रश्न विचारणं चुकीचं नव्हतं. कोणती औषधं चालू होती, साखर किती होती, रक्तदाब किती होता, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं होतं काय, हे सगळे प्रश्न रास्त. त्यांना कागदावर उत्तरं मिळतात, आणि मिळालेलं उत्तर मानावं लागतं. आडनावाच्या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण विचारणाऱ्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. काठेवाडातल्या डॉक्टरनंही मास्तरच्या बायकोची जात आधी ठरवली आणि तपासणी नंतर केली. ज्यांनी आयुष्यभर ते सोसलं त्यांनीच तीच काच दुसऱ्याला लावावी?

संशय वेगळा आणि दुसरं मत वेगळं, हे मला माझ्या मावशीच्या दुखण्यात नीट समजलं. मावशी रिसोड तालुक्यात राहते. वय चौतीस, तीन लेकरं, सोयाबीनच्या शेतात रोजंदारी. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरायची. एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली आणि पाच मिनिटांत निकाल लागला, पिशवी खराब आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. परवा या, पैसे भरा. मावसा शेळ्या विकायला निघाला होता. मी म्हटलं, मावशे, दुसरीकडे दाखवू. तर ती म्हणते, ‘दुसऱ्या डाक्टराले दाखवलं तं पयला रागावन ना बापू! मंग पुढच्या खेपेले लेकराले घेऊन गेली तं तो हातबी नाही लावनार.’

हातबी नाही लावनार! १९२९ ते आता, मधल्या एवढ्या कायद्यांनंतर आमच्या बाईच्या पोटातली भीती तीच. आता जातीमुळं हात लावणार नाही असं ती म्हणत नव्हती, पण हात काढून घेतला जाईल हे तिनं कुठल्या शाळेत शिकलं होतं? हे रक्तातून येतं.

तिचा सोनोग्राफीचा कागद मागायला गेलो तर कौंटरवरचा माणूस म्हणाला, ‘कागद घेऊन काय करणार, तुम्हाला वाचता येते काय?’ म्हटलं, येते. कागद मिळाला. आशाताईनं सांगितलं, तसं तिला अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं. ऐंशी-नव्वद किलोमीटर, दोन एस. ट्या. अर्धा दिवस रांगेत गेला. पण तिथल्या बाईडॉक्टरनं तिला टेबलावर घेऊन आतून तपासलं, पिशवीच्या तोंडाचं पाणी काचेवर घेतलं, जुनी सोनोग्राफी उजेडात धरून बघितली. म्हणाली, सूज आहे, इन्फेक्शन आहे, मावशालाही गोळ्या घ्याव्या लागतील, काचेचा रिपोर्ट आल्यावर पुन्हा या. रिपोर्ट साफ आला. पिशवी जागेवर आहे, शेळ्याही.

एवढ्यावरून पहिला डॉक्टर चोर आणि दुसरा देव असं समजू नका. आमच्याच वस्तीतल्या एका बाईला दुसऱ्या डॉक्टरनंही ऑपरेशनच सांगितलं. गाठ मोठी होती, रक्त सहावर आलं होतं. ती निवांत मनानं ऑपरेशनला गेली, कारण दोघांनी वेगवेगळं तपासून एकच सांगितलं होतं. दुसरं मत यासाठीसुद्धा असतं.

पण पिशवीच्या बाबतीत आपण डोळे मिटून राहू शकत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी बायांचं काय झालं ते २०१९ मधी उघड झालं. आरोग्य खात्यानं तिथं ८२,३०९ बायांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोटदुखीसाठी गेल्या आणि पिशवी ठेवून आल्या. कोयत्याला खाडा नको म्हणून मुकादमाची घाई, कॅन्सरची भीती घालणारा दवाखाना, आणि ‘आता लेकरं झाली, पिशवी काय कामाची’ म्हणणारं घर, तिघांनी मिळून ते केलं. त्यात दलित, बंजारा, भूमिहीन बाया किती असतील ते वेगळं सांगायला नको. आपल्या मानोरा-मंगरूळच्या तांड्यांतूनही कोयते बाहेर जातात. त्या गाजावाजानंतर बीडमधी खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी बंधनकारक केली. म्हणजे सरकारनंच दुसरं मत सक्तीचं केलं. एप्रिल २०२३ मधी सुप्रीम कोर्टानंही बिहार, राजस्थान, छत्तीसगडच्या अशाच प्रकरणात राज्यांना अनावश्यक पिशवी-ऑपरेशनं रोखायच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितल्या.

डॉक्टर सगळे असेच, असंही मी म्हणणार नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अठ्ठ्याहत्तर डॉक्टरांना बोलतं करून जे बाहेर काढलं, ते डॉक्टरांनीच सांगितलेलं आहे. पेशंट पाठवल्याचं कमिशन, गरज नसलेल्या तपासण्या, टार्गेट. आतून बोलणारे आहेत म्हणून आपल्याला कळतं.

हक्काचे कागद आता आहेत. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, की पेशंटनं मागितले तर त्याचे कागद बहात्तर तासांत द्यायचे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क नाव घेऊन लिहिला आहे. जानेवारी २०२१ पासून महाराष्ट्राच्या नर्सिंग होमच्या नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्यानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असं लावायचं. आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्‌घाटन झालं, त्यात वाशीमचं नाव आहे. माझ्या मावशीला अकोल्याला जावं लागलं, तिच्या पोरीला कदाचित लागणार नाही.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं पाळी सुटल्यावर तालुक्याच्या गावातले खाजगी दवाखाने फिरलो. अकरा बघून झाले. सनद फक्त तिघांनी लावली होती. एका ठिकाणी ती इंग्रजीत आणि वॉटर कूलरच्या मागं. दरपत्रक दोघांकडे. एका डॉक्टरनं चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मराठी सनद छापून लावली. एकानं विचारलं, ‘तुम्ही कोणत्या संघटनेचे?’ आणि लगेच, ‘आडनाव काय?’ आमच्यातला एक म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, आम्ही पेशंट.’

जिथं सनद नाही त्यांची यादी केली आहे. अर्ज तयार आहे, सह्या तेवीस झाल्या. जिल्हा शल्यचिकित्सकाकडे सोमवारी द्यायचा आहे, आणि ज्याला सुट्टी मिळते त्यानं बाराच्या आत वाशीमच्या बसस्टँडवर यावं. मावशीही येणार आहे, कागदांची पिशवी घेऊन.